घुमारा तसाच राहू द्या

१९९३च्या पावसाळ्यात मामेभावाने मला एक कॅसेट भरून दिली. टीडीकेची, ९० मिनिटांची. वर निळ्या बॉलपेनने 'पर्ल जॅम – टेन' एवढंच लिहिलेलं, म्हणजे पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचा 'टेन' हा पहिला अल्बम. अल्बम ५३ मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे 'डीप' हे दहावं गाणं संपता संपता टेपही संपायची आणि शेवटचं 'रिलीज' ऐकायचं तर कॅसेट उलटावी लागायची. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरानंतर, सगळी झोपलेली असताना, मी हेडफोन लावून ती उलटत असे. बटणाचा खटका, क्षणभर नुसती सरसर, आणि मग रिकाम्या गोदामाच्या पार पलीकडच्या टोकाकडून यावी तशी गिटार. तिच्यामागून गायक एडी वेडरचा शब्द फुटण्याआधीचा हुंकार. वारलेल्या वडिलांना घातलेली ती साद आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण हा कुणाला तरी हाक मारतोय आणि ज्याला मारतोय ते माणूस फार लांब आहे, एवढं त्या घुमाऱ्यातून कळत होतं.

पुढे कित्येक वर्षांनी वाचलं की हा घुमारा ही अल्बममधली चूक होती. असं म्हणणारे समीक्षक नव्हते, खुद्द बँड होता. २००९ मध्ये त्यांनी तो घुमारा पुसलेली नवी आवृत्तीही काढली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे, आणि तो एका बँडच्या चाहत्यांपुरता नाही. लोकांच्या हाती गेलेलं, लोकांनी वर्षानुवर्षं जवळ बाळगलेलं काम कलाकाराने मागाहून दुरुस्त करावं का? आणि केलंच, तर आधीच्याचं काय करायचं? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. आपलं काम पुन्हा नव्याने करायचा कलाकाराला पूर्ण अधिकार आहे. जुनं मागे घ्यायचा, किंवा त्याच्या जागी न सांगता दुसरं आणून ठेवायचा अधिकार मात्र त्याला नाही. त्याच्या कंपनीला तर मुळीच नाही. 'टेन'पुरतं मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. या अल्बमबद्दल बँडचं स्वतःचं मत चुकलं आहे, असं मला वाटतं.

हा अल्बम कसा जन्मला ते पाहिल्याशिवाय घुमाऱ्याचं महत्त्व कळणार नाही. सिअ‍ॅटलमध्ये पर्ल जॅमचे गिटारवादक स्टोन गॉसर्ड आणि बासवादक जेफ अमेंट यांचा आधीचा बँड होता मदर लव्ह बोन. मार्च १९९० मध्ये, पहिला पूर्ण लांबीचा अल्बम बाजारात यायच्या तोंडावर, त्यांचा गायक अँड्र्यू वूड हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. चोवीस वर्षांचा होता. सगळं संपल्यासारखं झालं. गॉसर्डने घरी बसून चाली रचल्या, माइक मॅक्रेडी गिटारला आला, आणि शब्द नसलेल्या त्या चालींची एक कॅसेट जॅक आयर्न्स या ड्रमरमार्फत कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला पोचली. तिथे पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारा एक पोरगा होता, एडी वेडर. त्याने चाली ऐकल्या, समुद्रावर सर्फिंगला गेला, परतल्यावर तीन गाण्यांचे शब्द लिहिले, चालींवर स्वतःच्या आवाजात गायले आणि कॅसेट परत पाठवली. ऑक्टोबर १९९० मध्ये तो सिअ‍ॅटलला आला. आल्यानंतर दोन आठवड्यांत, २२ ऑक्टोबरला, या मंडळींनी पहिला कार्यक्रम केला. तेव्हा बँडचं नाव होतं मूकी ब्लेलॉक, एका बास्केटबॉलपटूचं. त्याच्या बनियनवरचा आकडा दहा, म्हणून पुढे अल्बमचं नाव 'टेन'.

मार्च १९९१ च्या शेवटी ते लंडन ब्रिज स्टुडिओत शिरले आणि महिन्याभरात रेकॉर्डिंग उरकलं. गायकाची आणि वादकांची ओळख जेमतेम सहा महिन्यांची. बँडच्या जोडीने निर्माता होता रिक पराशर. हे आडनाव वाचलं की आपले कान टवकारतातच. रिक म्हणजे राकेश. त्याने आणि त्याच्या भावाने मिळून तो स्टुडिओ उभा केला होता. 'टेन'वरचा पियानो आणि ऑर्गन त्याच्याच हातचा. २०१४ मध्ये तो गेला. ग्रंजबद्दल, म्हणजे तिथल्या त्या काळच्या खरबरीत रॉकबद्दल, इतकं लिहिलं गेलं, पण आपल्याकडच्या संगीतप्रेमींनाही हे नाव फारसं माहीत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

'ईव्हन फ्लो' मनासारखं वठेना म्हणून पन्नासहून अधिक वेळा वाजवलं, असं मॅक्रेडीने सांगितलं आहे. ड्रमर डेव्ह क्रुसन रेकॉर्डिंगनंतर लगेच व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी बँड सोडून गेला. आणि मग जूनमध्ये टेप्स निघाल्या इंग्लंडला. डॉर्किंगजवळच्या रिज फार्म या स्टुडिओत टिम पामरने त्यांचं मिक्सिंग केलं. आपला वाद सुरू होतो तो इथे.

स्टुडिओत ड्रम, बास, दोन्ही गिटार, गळा, सगळं टेपवर वेगवेगळ्या पट्ट्यांवर उतरतं. यातलं काय पुढे आणायचं, काय मागे सारायचं, कुणाला कोरडं ठेवायचं आणि कुणाभोवती रिव्हर्बचा घुमारा उभा करायचा, हे ठरवणं म्हणजे मिक्सिंग. रिमास्टरिंग हे त्यामानाने वरवरचं काम. तयार मिक्सची एकूण पातळी आणि धार तेवढी बदलते. रीमिक्स करणारा थेट त्या सुट्या पट्ट्यांपर्यंत जातो. गाण्याच्या बैठकीचं उदाहरण घेतलं तर मिक्स म्हणजे श्रोत्याला कुठे बसवायचं याचा निर्णय. पामरने आपल्याला मोठ्या दिवाणखान्याच्या मध्यावर बसवलं, जिथे आवाज भिंतींना लागून परत येतो. २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायनने आपल्याला तालमीच्या खोलीत, अ‍ॅम्प्लिफायरला गुडघे टेकतील इतकं जवळ बसवलं.

ओब्रायनला हे काम देण्याची बँडची इच्छा फार जुनी. दुसऱ्यापासून पाचव्या अल्बमपर्यंत तोच त्यांचा निर्माता होता. वाजवण्या-गाण्याला हात लावायचा नाही, फक्त रिव्हर्ब कमी करायचा, असं अमेंट बोलून दाखवत असे. पहिल्या अल्बमचा आवाज आपल्याला ऐकवत नाही, असं वेडरही म्हणाला होता. २००४ च्या निवडक गाण्यांच्या संचात 'वन्स', 'अलाइव्ह' आणि 'ब्लॅक' ही तीन गाणी नव्या मिक्ससह आली. मार्च २००९ मध्ये अख्खा अल्बमच नवा आला.

त्यांना तो घुमारा का खुपत होता, हे मी समजू शकते. सिअ‍ॅटलच्या त्या मंडळींना ऐंशीच्या दशकातल्या झगमगीत स्टेडियम-रॉकची चीड होती, आणि रिव्हर्ब ही त्या रॉकची खूण. त्यांच्या गावचा आदर्श वेगळा. निर्व्हाना या दुसऱ्या ग्रंज बँडचा पहिला अल्बम 'ब्लीच' जॅक एंडिनोने सुमारे ६०० डॉलरमध्ये रेकॉर्ड केला होता. खरबरीत, कोरडा, गॅरेजमधला. तिथे कोरडेपणा हाच खरेपणा ठरला होता. अशा वातावरणात पर्ल जॅमचा अल्बम भव्य वाजत होता, भरमसाट खपत होता, आणि निर्व्हानाचा गायक कर्ट कोबेन जाहीरपणे त्यांना धंदेवाईक म्हणत होता. ऑगस्ट १९९१ मध्ये आलेला 'टेन' सुरुवातीला रेंगाळला, पण १९९२ च्या अखेरीस अमेरिकेच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर चढला आणि पुढे त्या एका देशात त्याच्या १ कोटी ३० लाख प्रती गेल्याची नोंद झाली. जवळच्या माणसांनी खोटं ठरवलेल्या यशाची लाज वाटते. ती लाज त्या बिचाऱ्या रिव्हर्बवर जाऊन बसली, असं मला वाटतं.

पण जरा गाण्यांकडे पाहा. 'ईव्हन फ्लो' रस्त्यावर झोपणाऱ्या बेघर माणसाचं. 'व्हाय गो' आईने मनोरुग्णालयात डांबलेल्या मुलीचं. 'जेरेमी' घरी आणि शाळेत कुणीच दखल न घेतलेल्या पोराचं. 'ब्लॅक' निघून गेलेल्या प्रेमाचं, 'रिलीज' निघून गेलेल्या बापाचं. या अल्बममध्ये जवळजवळ प्रत्येक जण अशा कुणाशी तरी बोलतोय जे समोर नाही, किंवा समोर असून ऐकत नाही. कुजबुज जवळच्याशी होते. ऐकू न येणाऱ्याला हाक मारावी लागते, आणि हाकेला अंतर लागतं. पामरच्या मिक्समध्ये ते अंतर कानाला जाणवतं. वेडरचा खर्जातला आवाज वर चढत जातो, खोली भरून टाकतो आणि उत्तर न मिळता परत येतो. ओब्रायनच्या मिक्समध्ये तोच आवाज माझ्या कानाशी आहे, त्याचा श्वासही ऐकू येतो, पण मी त्याच्या इतकी जवळ बसले असेन तर तो ओरडतोय कशासाठी?

सगळ्याच गाण्यांना हे लागू नाही. 'वन्स' आणि 'पोर्च' ही गच्च आवळलेली गाणी ओब्रायनच्या हातून उजळली आहेत. गॉसर्डची आणि मॅक्रेडीची गिटार वेगवेगळी ओळखू येते, अमेंटचा बास धुक्यातून बाहेर येतो, क्रुसनच्या ड्रमचा घाव नेमका बसतो. त्या पोराने जाण्याआधी काय वाजवून ठेवलं होतं, हे मला २००९ मध्ये पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्याबद्दल मी ओब्रायनची ऋणी आहे. दुसरी आवृत्ती असावी ती याचसाठी. पहिलीत बुजलेलं ती दाखवते.

पण पहिलीतले अपघात ही पहिलीची संपत्ती आहे. 'ओशन्स' या गाण्याच्या श्रेयनामावलीत टिम पामरच्या नावापुढे दोन वाद्यं आहेत: आग विझवायचा सिलिंडर आणि मिरपुडीची डबी. रिज फार्म आडबाजूला, भाड्याने वाद्यं आणायची कुठून? मग हाताशी होतं ते वाजवलं. मुखपृष्ठाचंही तसंच. अमेंटने बँडच्या नावाची लाकडी अक्षरं स्वतः बनवली, पाचही जण हात उंच करून एकमेकांना भिडले, आणि रंग हवा होता गडद, वाइनसारखा. छापून आला तो गुलाबी. आज जगात कुठेही त्या गुलाबीवर नजर पडली की चाहता ओळखतो. तो रंग 'दुरुस्त' करून कुणी मूळ इराद्याप्रमाणे छापला, तर इरादा खरा ठरेल आणि अल्बम परका होईल.

इराद्याचं पारडं नेहमीच जड नसतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा 'अलाइव्ह'मध्ये आहे. ज्याला वडील समजत होतो तो सावत्र, आणि खरे वडील वारले, हे वेडरला पोरवयात कळलं. त्यातून हे गाणं आलं. पुढे त्याने त्याला कथेची भयंकर वळणं दिली. या गाण्यातला 'मी अजून जिवंत आहे' हा उद्गार मुळात शाप होता: सगळं उद्ध्वस्त झालं आणि तरी मला जगावं लागतंय. पण मैदानांत हजारो लोक हात उंचावून ती ओळ गाऊ लागले. आजारातून उठलेले, व्यसनातून सुटलेले, कुणाला तरी पुरून आलेले. त्यांच्या तोंडी ती ओळ जगल्याचा जयघोष झाली. २००६ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात वेडरने स्वतः हे सांगितलं, की श्रोत्यांनी अर्थ बदलला आणि माझ्यावरचा शाप उतरवला. मला हा आधुनिक संगीताच्या इतिहासातला फार मोठा क्षण वाटतो. गाणं लिहिणारा माणूस मान्य करतो आहे की गाणं पूर्ण करण्यात ऐकणाऱ्यांचा हात आहे. मग ज्या रूपात त्यांनी ते ऐकलं, ज्या रूपावर हात उंचावले, त्या रूपावर त्यांचा काहीच हक्क नाही, असं कसं म्हणता येईल?

'ब्लॅक'ची गोष्टही याच्याजवळची. कंपनीला ते सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमबाहेर सुटं, काढायचं होतं. बँडने साफ नकार दिला, कारण ते फार खाजगी होतं. मला तो नकार योग्य वाटतो. तरी रेडिओवाल्यांनी ते वाजवलंच, आणि लोकांनी उचललं.

'जेरेमी' मात्र माझ्या म्हणण्याची कसोटी पाहतं. टेक्सासमध्ये जानेवारी १९९१ मध्ये एका शाळकरी मुलाने वर्गासमोर स्वतःवर गोळी झाडून घेतली. ती बातमी वाचून वेडरने हे गाणं लिहिलं. मार्क पेलिंग्टनने व्हिडिओ केला. मूळ चित्रणात पिस्तूल मुलाच्या तोंडात जाताना दिसत होतं. एमटीव्हीच्या नियमांत ते बसेना, म्हणून ते छाटलं. उरलं काय, तर हात वर करून गोठलेली, अंगावर रक्ताचे शिंतोडे उडालेली वर्गातली मुलं. असंख्य प्रेक्षकांनी अर्थ लावला की या पोराने वर्गमित्रांना मारलं. स्टार टीव्हीवरून एमटीव्ही आपल्या घरांत नुकतं आलं होतं तेव्हा मीही तो पाहिला आणि कित्येक वर्षं तसंच समजत राहिले. ज्या पोराबद्दल कळवळा वाटायचा, त्याची भीती वाटली. १९९३ मध्ये त्या व्हिडिओला एमटीव्हीचे चार पुरस्कार मिळाले, वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओसह. त्यानंतर बँडने १९९८ पर्यंत व्हिडिओच केला नाही. जून २०२० मध्ये न छाटलेलं चित्रण बँडने जाहीर केलं.

इथे पहिली आवृत्ती कुठली? दिग्दर्शकाने केलेली पहिली की लोकांनी पाहिलेली पहिली? मी यावर बराच विचार केला आहे. २०२० चं प्रकाशन मला न्यायाचं वाटतं, कारण त्यामुळे त्या मुलाची गोष्ट तीस वर्षांनी का होईना, सरळ झाली. तरीही छाटलेला व्हिडिओ नष्ट होता कामा नये. एका वाहिनीच्या कात्रीने एका पिढीला काय चुकीचं शिकवलं, याचा तोच पुरावा आहे. न छाटलेला ठेवून छाटलेला पुसला, तर आमचा गैरसमज कुठून आला हे पुढच्यांना कधीच कळणार नाही.

म्हणून २००९ मध्ये पर्ल जॅमने जे केलं त्याचं मी मनापासून कौतुक करते. त्यांनी मूळ मिक्स आणि ओब्रायनचं मिक्स एकाच संचात, दोन वेगळ्या तबकड्यांवर दिलं. वाजवणं तेच, गाणं तेच, मिक्स करणाऱ्याचं नाव जाहीर. सगळे असं वागत नाहीत. ऑझी ऑस्बोर्न या हेवी मेटल गायकाच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' या अल्बमचं २००२ मध्ये पुनर्प्रकाशन झालं तेव्हा बॉब डेझ्लीचा बास आणि ली कर्सलेकचे ड्रम्स काढून दुसऱ्यांकडून नव्याने वाजवून घेतलेले घातले. या दोघांशी मानधनावरून वाद चालू होता. वीस वर्षं कानात बसलेला अल्बम दुकानात त्याच नावाने मिळत होता, पण तो अल्बम नव्हता. मूळ वादन अधिकृतपणे परत यायला २०११ उजाडलं.

तेव्हा निदान जुनी तबकडी कुणाच्या तरी कपाटात होती. आता ज्या गाण्यासाठी आपण महिन्याला पैसे भरतो ते आपल्या घरी नसतंच, कंपनीच्या सर्व्हरवर असतं, आणि एका रात्रीत बदलता येतं. रॅपर कान्ये वेस्टने आपला २०१६ चा अल्बम प्रकाशित झाल्यानंतरही बदलत ठेवला. २०२२ मध्ये बियॉन्से आणि लिझो या गायिकांनी आपापल्या गाण्यातला अपंगांना दुखावणारा एक शब्द तक्रारी आल्यावर बदलला. त्यांनी बदलला हे उत्तमच केलं. दुखावलेल्यांचं ऐकायलाच हवं होतं. पण दुखावलं गेलं होतं, लोक बोलले, आणि कलाकारांनी ऐकलं, हा सगळा इतिहास जुन्या ध्वनिमुद्रणाशिवाय कसा कळणार? रोज वाजणारी फाइल बदला, पण आधीची कुठल्या तरी सार्वजनिक संग्रहात तारखेसह असू द्या. माझी मागणी एवढीच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त तातडीचा आहे, कारण मूळ आवाजात ढवळाढवळ करायची आपल्याला जुनी सवय आहे. झंकार बीट्सच्या कॅसेटी आठवा. जुन्या गाण्यावर नव्या ढोलक्या आणि भरमसाट घुमारा लादलेल्या त्या आवृत्त्या रिक्षा-टॅक्सीत इतक्या वाजल्या की माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना मूळ गाणंच नंतर भेटलं. २००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' पूर्ण रंगीत होऊन आला. आणि २०२५ मध्ये तर 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवटच कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून ती चित्रपटगृहांत लावली गेली. मेलेला नायक जिवंत केला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात कर्त्याला आपल्या कृतीच्या विकृतीकरणाविरुद्ध दाद मागता येते. पण चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' याच कायद्यानुसार निर्माता असतो, म्हणजे बहुतेक वेळा कंपनी. २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना आपल्या सादरीकरणाच्या विकृतीकरणाला हरकत घेण्याचा हक्क मिळाला, हे चांगलं झालं. श्रोत्याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. आणि जतनाचा कायदा पाहिला तर मन खट्टू होतं. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मुंबईसह चार शहरांतल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. त्या कायद्यातल्या 'पुस्तक' या शब्दाच्या व्याख्येत स्वरलिपीचा छापील कागदही येतो. म्हणजे गाण्याचं नोटेशन छापलंत तर ते जपणं सक्तीचं. तेच गाणं गाऊन रेकॉर्ड केलंत तर कुणाला काही पडलेली नाही. अमेरिकेत निदान काँग्रेसच्या ग्रंथालयाची जतन करायच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांची यादी आहे आणि 'टेन'नंतर महिन्याभरात आलेला निर्व्हानाचा 'नेव्हरमाइंड' त्या यादीत आहे.

आपल्याकडे हे काम ज्यांनी केलं ती साधी माणसं आहेत. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. तिच्या सभासदांनी जुन्या बाजारातून, रद्दीतून, मोडीत निघालेल्या वाड्यांतून ७८ फेऱ्यांच्या तबकड्या उचलल्या, पुसल्या, वाजवल्या, त्यांच्याबद्दल लिहिलं. त्या तबकड्यांवर चरचर आहे, तीन-साडेतीन मिनिटांत राग उरकायची घाई आहे, शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगणाऱ्या गायिका आहेत. हे सगळे आजच्या कानाला दोषच. ते 'स्वच्छ' करून तेवढंच ठेवलं असतं, तर त्या काळात एक बाई कर्ण्यासमोर उभी राहून कशी गात होती हे आपल्याला कुठून कळलं असतं?

माझं मागणं फार अवघड नाही. १९५४ चा कायदा ध्वनिमुद्रणांपर्यंत वाढवावा. पहिली प्रकाशित प्रत आणि नंतरची प्रत्येक बदललेली प्रत जमा करणं बंधनकारक करावं. गाणं विकणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या प्रत्येक कंपनीने मिक्सचं वर्ष आणि मिक्स करणाऱ्याचं नाव गाण्याच्या नावाशेजारी दाखवावं, जसं पुस्तकावर आवृत्ती छापतात. आणि मूळ मिक्स काढून घ्यायचं असेल तर तसं आधी जाहीर करावं. यात कलाकाराचं काहीच हिरावलं जात नाही. ओब्रायनला हवं ते त्याने करावं. त्या कामाआधी तो स्वतःही कचरला होता, कारण लाखो लोकांनी मूळ आवाजावरच प्रेम केलं होतं, हे त्याला दिसत होतं. त्याचं ते कचरणं मला त्याच्या मिक्सइतकंच मोलाचं वाटतं.

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली होती. एकोणीस वर्षांची आहे, गिटार शिकते. 'टेन' तिला पाठ होता, पण तिच्या फोनवर होता तो २००९ चा, आणि दुसरा असतो हे तिला माहीत नव्हतं. मी दोन्ही लावले, एकामागून एक. 'वन्स' आणि 'पोर्च' तिला ओब्रायनचेच आवडले, आणि का ते तिने मला गिटारवर वाजवून दाखवलं. 'ओशन्स'मध्ये मिरपुडीची डबी आहे हे सांगितल्यावर तिने ते तीनदा ऐकलं. 'रिलीज'बद्दल ती अजून काही बोललेली नाही. पण परवा तिने माझी ती टीडीकेची कॅसेट आणि जुना वॉकमन काही दिवसांसाठी मागून घेतला.